समानार्थी शब्द बदलला की वाक्य बिघडतं: शब्दाची छटा नेमकी ओळखायची कशी?

वेलांटी (प्रश्न)

वाचनालयाच्या सहामाही अंकासाठी आलेल्या लेखांचं संपादन सुरू आहे. लेखक बहुतेक नवे आहेत आणि जवळजवळ प्रत्येक लेखात एकच दोष दिसतो. एक शब्द दोनदा येऊ नये म्हणून दुसऱ्या वेळी समानार्थी शब्दांच्या यादीतला कुठला तरी शब्द उचलून ठेवलेला असतो. कोशाप्रमाणे अर्थ बरोबर असतो, पण वाक्य कानाला टोचतं. पाच नमुने देते:

१. स्वयंपाकघरातून पुरणाचा दर्प दरवळत होता.
२. पंच्याहत्तरीतही गुरुजी तितक्याच हेकटपणाने रोज दोन तास शिकवतात.
३. घाटातल्या अपघातात चार जणांचे देहावसान झाले.
४. कीर्तनाला मोठा जमाव आला होता.
५. सत्कार समारंभात विद्यार्थ्यांनी आपल्या सरांचे भरभरून कौतुक केले.

लेख परत पाठवताना ‘हा शब्द इथे बरा वाटत नाही’ एवढंच लिहिलं, तर लेखक विचारतात की कोशात तोच अर्थ दिला आहे, मग चूक काय? ‘कानाला खटकतं’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. लेखकाला स्वतः करून पाहता येईल अशी काही तपासणी आहे का? आणि छटा कळायला कोणता कोश उपयोगी पडतो?

---

मुद्रितशोधक

‘कोशात आहे’ या म्हणण्याला उत्तर एकच: कोश शब्दाचा अर्थ सांगतो, शब्दाची सोबत क्वचित सांगतो. छटा सोबतीत असते. शब्द कुणाच्या तोंडी येतो, कुणाबद्दल येतो आणि कोणतं क्रियापद घेऊन येतो, हे पाहिलं की ती उघड होते.

तुमचं पहिलं वाक्य घ्या. वास येतो, सुगंध दरवळतो, घमघमाट सुटतो, दुर्गंधी पसरते, दारूचा भपकारा येतो, दर्प नाकात शिरतो. प्रत्येकाचं क्रियापद जवळजवळ ठरलेलं आहे. ‘दर्प दरवळत होता’ यात नाव एका घरचं आणि क्रियापद दुसऱ्या घरचं झालं. दर्पाचा मूळ अर्थ गर्व. वासाच्या अर्थाने तो उग्र, अंगावर येणाऱ्या वासाला लागतो, म्हणजे रसायन, औषध, फार जास्त शिंपडलेलं अत्तर. पुरणात वेलची-जायफळ असतं, तिथे ‘घमघमाट सुटला होता’ म्हणावं. भाजणीला ‘खमंग वास’. बंद कपाटाला ‘कुबट वास’. आणि एक लक्षात ठेवा, ‘वास’ हा शब्द कोशात तटस्थ असला तरी विशेषणाशिवाय ‘इथे वास येतोय’ म्हटलं की ऐकणारा नाक धरतो. म्हणजे तटस्थ शब्दसुद्धा एकटा उभा राहिला की एका बाजूला झुकतो.

लेखकाला सांगायच्या तपासण्या:

पहिली, जोडीदाराची. बदलायचा शब्द आणि त्याचे तीन-चार पर्याय कागदावर लिहा. प्रत्येकासाठी छापील मजकुरातली किमान पाच वाक्यं शोधा. पर्यायांच्या याद्या इथे कामाच्या नाहीत, चालू लेखन हवं. आंतरजालावर शोधत असाल तर मूळ रूप एकट्याने शोधू नका. मराठीत विभक्ती लागली की रूप बदलतं, म्हणून ‘जमाव’, ‘जमावाने’, ‘जमावाला’ अशी निदान तीन रूपं अवतरणचिन्हांत घालून शोधा. नाहीतर निम्मी वाक्यं हातातून सुटतात. मग प्रत्येक वाक्यातलं क्रियापद आणि विशेषण अधोरेखित करा. पाचपैकी चार ठिकाणी एकाच रंगाची सोबत दिसली, तर तो रंग शब्दाचा आहे असं समजा.

दुसरी, ‘आणि-पण’ची. ज्याच्या चांगुलपणाबद्दल शंका नाही असं एक विशेषण घ्या आणि त्याला तुमचा शब्द जोडा. ‘प्रामाणिक आणि हुशार’ सहज जातं. ‘प्रामाणिक आणि चाणाक्ष’ही चालतं. ‘प्रामाणिक आणि बेरकी’ म्हणताना जीभ अडते, तिथे ‘पण’ हवासा वाटतो. जिथे ‘पण’ लागतो तिथे शब्द उणा आहे. हुशार, चतुर, चाणाक्ष, चलाख, बेरकी, धूर्त, कावेबाज, लबाड हे यादीत एकाच ओळीत छापलेले असतात, पण ही तपासणी लावली की ‘चलाख’पाशी काटा हलायला लागतो आणि ‘धूर्त’पाशी पार खाली जातो.

तिसरी, ‘मी’ची. माणूस स्वतःबद्दल तो शब्द गंभीरपणे वापरेल का? ‘मी काटकसरी आहे’ कुणीही म्हणेल. ‘मी चिक्कू आहे’ थट्टेतच. ‘मी जिद्दी आहे’ हे मुलाखतीत चालतं, ‘मी हेकट आहे’ नाही. तुमचं दुसरं वाक्य इथेच पडतं. हेकट, हेकेखोर, आडमुठा हे शब्द दुसऱ्याने, वैतागून, लावायचे असतात. संपाच्या बातमीत पाहा: कामगारांची बाजू मांडणारा ‘कामगार मागणीवर ठाम’ लिहितो आणि त्याच बातमीत व्यवस्थापनाची भूमिका ‘आडमुठी’ असते. दोघेही जागचे हललेले नाहीत, कृती एकच आहे. शब्दाने बाजू निवडली.

चौथ्या वाक्याचं कारण सगळ्यात सोपं. ‘जमाव’ पोलिसांच्या भाषेत रुळला आहे. पाच किंवा अधिक माणसांचा ‘बेकायदा जमाव’ हा कायद्यातला शब्द आहे, ‘जमावबंदी’ रोज छापून येते, आणि वर्तमानपत्रात जमाव पांगवला जातो, जमाव भडकतो, जमाव दगडफेक करतो. ही सोबत घेऊन तो कीर्तनाला आला की वाचकाला आधी बंदोबस्त आठवतो. कीर्तनाला ‘गर्दी झाली होती’ किंवा ‘श्रोते दाटीवाटीने बसले होते’. ‘घोळका’ लहान आणि निरुपद्रवी असतो. ‘टोळकं’ कट्ट्यावर बसून छेड काढतं. ‘समुदाय’ शांत असतो.

---

छापखाना

तिसऱ्या वाक्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण मराठीत मृत्यूचे शब्द जितके वाटून दिलेले आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कशाचे असतील.

‘देहावसान’ साधुसंत, मठाधिपती, फार मोठी वयोवृद्ध व्यक्ती यांच्यासाठी. अपघातात ‘ठार झाले’ किंवा ‘मृत्यू झाला’. यातही फरक आहे: ‘ठार’मध्ये जागच्या जागी आणि आघाताने हे दोन्ही येतं. जखमी माणूस दोन दिवसांनी रुग्णालयात गेला, तर ‘ठार’ लिहू नये. ‘उपचारादरम्यान मृत्यू झाला’ लिहावं. ‘बळी’ लिहिलात तर तुम्ही कारण किंवा दोषी सूचित करता. ‘खड्ड्याने घेतला बळी’ हे मत आहे, ते बातमीत ठेवायचं की नाही याचा निर्णय जाणूनबुजून घ्या. ‘दगावला’ रुग्णाला, तान्ह्या बाळाला आणि गुराढोरांना लागतो. वाचवायचा प्रयत्न होता आणि तो अपुरा पडला, हे त्यात आपोआप येतं. पण नाव घेऊन ‘आजोबा दगावले’ म्हटलं की आजोबांचा खाट क्रमांक होतो. उलट ‘साथीत सात म्हशींचे निधन’ हेही चूक, कारण ‘निधन’ला व्यक्ती लागते, शक्यतो नाव असलेली.

‘मयत’ अरबीतून आलेला आणि दोन जगांत राहणारा शब्द. सातबाऱ्यावरची वारसनोंद, बँकेचा अर्ज, पंचनामा इथे ‘मयत खातेदार’, ‘मयत इसम’ ही रूढ भाषा. गावाकडे ‘मयतीला गेलेत’ हे रोजचं बोलणं, त्यात काही कोरडेपणा नाही. श्रद्धांजलीच्या लेखात मात्र ‘मयत’ लिहिलं की घरच्यांना कागदपत्राचा वास येतो.

नावापुढच्या बिरुदांची काळजी जास्त घ्यावी लागते, कारण तिथे माणसाची श्रद्धा असते. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. वारकरी घरात ‘वैकुंठवासी’ लिहितात आणि त्यांना ‘कै.’ खटकू शकतो. मुस्लिम व्यक्तीसाठी मराठीत ‘पैगंबरवासी’, ख्रिस्ती व्यक्तीसाठी ‘ख्रिस्तवासी’ रूढ आहे. बौद्ध कुटुंबांत ‘कालकथित’ लिहितात. तिथे ‘स्वर्गीय’ किंवा ‘कैलासवासी’ लिहिणं म्हणजे जी कल्पना त्यांनी विचारपूर्वक सोडली, ती त्यांच्या माणसावर मरणानंतर लादणं. ‘महापरिनिर्वाण’ भगवान बुद्धांसाठी आणि ६ डिसेंबर १९५६ च्या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसाठी, तो इतरांना सरसकट लावायचा नाही. ‘समाधी घेतली’मध्ये स्वेच्छा आहे, म्हणून आळंदीच्या संदर्भात ‘ज्ञानेश्वरांचा मृत्यू’ असं वारकरी कधी म्हणणार नाही. कुटुंबाची रीत माहीत नसेल तर ‘दिवंगत’ लिहा. तो कुणालाच दुखवत नाही.

आता व्याकरण, कारण इथे सर्वांत जास्त चुका सापडतात. पर्याय बदलला की माणसाची विभक्ती बदलते:

ते वारले.
त्यांचे निधन झाले.
त्यांना देवाज्ञा झाली.
त्यांनी देह ठेवला.

चार क्रिया, चार विभक्ती. कोणी नुसता शब्द काढून दुसरा बसवतो तेव्हा ‘ते निधन झाले’ हे रूप जन्माला येतं. लिंगही बदलतं: मृत्यू झाला, निधन झाले, देवाज्ञा झाली. वास येत होता, दुर्गंधी येत होती. लेखात लिंगवचनाची अशी चूक दिसली, की बहुतेक वेळा तिथे आधी दुसरा शब्द होता असं समजा आणि लेखकाला तो मूळ शब्द विचारा. दहापैकी आठ वेळा मूळचाच बरा निघतो.

---

रफार

‘म्हणाले’च्या पर्यायांवरही लक्ष ठेवा, विशेषतः मुलाखती आणि अहवालांत. ‘स्पष्ट केले’ लिहिलं की बोलणाऱ्याचं म्हणणं खरं आहे असं तुम्ही मान्य केलंत. ‘दावा केला’ने शंका घेतलीत. ‘कबूल केले’ने त्याला दोषी ठरवलंत. ‘ठणकावले’ने टाळी वाजवलीत. ‘नमूद केले’ लेखी मजकुराला शोभतं, गप्पांना नाही. ‘खुलासा केला’ तेव्हाच, जेव्हा आधी आरोप किंवा गैरसमज होता. ‘म्हणाले’ आणि ‘सांगितले’ हे दोनच पक्षविरहित आहेत. ते एका पानावर बारा वेळा आले तरी वाचकाला दिसत नाहीत, डोळा त्यांच्यावरून सरकतो. ‘ठणकावले’ दोनदा आलं तरी दिसतं.

असाच ‘साकडे’. साकडं देवाला घालतात, अगतिक होऊन. ‘ग्रामस्थांचे मंत्र्यांना साकडे’ असा मथळा दिला की ग्रामस्थ हात जोडून उभे राहिले आणि मंत्री देव्हाऱ्यात गेले. हक्काचं पाणी मागत असतील तर ‘मागणी’ लिहा, कागद दिला असेल तर ‘निवेदन’.

---

वेलांटी

फार उपयोगी. विभक्तीची खूण तर लगेच वापरता येईल.

पाचव्या वाक्याबद्दल कुणी लिहिलं नाही. मला ते खटकतं, पण माझ्या सहसंपादकाला नाही. शिवाय एक नवा प्रश्न: एका लेखात ‘पूजा करून नारळ फोडला’ आणि ‘रात्री नऊला आम्ही दुकान वाढवतो’ अशी दोन वाक्यं आहेत. दुसरं वाक्य तरुण वाचकांना कळेल का? ‘बंद करतो’ करावं का?

---

ओटीभरण

‘दुकान वाढवतो’ला हात लावू नका. लेखक दुकानदाराच्या घरातला आहे आणि त्याने आपल्या घरचा शब्द दिला आहे. जी गोष्ट संपू नये, मोडू नये, तिच्या मोडण्याला ‘वाढणे’ म्हणायचं ही जुनी रीत आहे. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. देवापुढचा नारळ वाढवतात. दिवा विझवत नाहीत, मालवतात. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’. दुकान ‘बंद केलं’ म्हणजे धंदाच बसला असा ध्वनी निघतो, म्हणून रोजचं मिटणं म्हणजे ‘वाढवणं’. तरुण वाचकाला अडेल असं वाटलं तर वाक्यात एक खूण द्या: ‘रात्री नऊला फळ्या लावून आम्ही दुकान वाढवतो.’ अर्थ आपोआप कळतो, कंस लागत नाही.

नारळाचं मात्र प्रसंगावर आहे. चटणीसाठी नारळ फोडतात, देवापुढे वाढवतात. ‘पूजा करून नारळ फोडला’ आता सर्रास बोललं जातं आणि चूक म्हणता येणार नाही. पण त्याच लेखात पुढे ‘वाढवतो’ आलेला असेल तर लेखकाला विचारा, बहुधा त्याच्या घरात नारळही वाढवतातच.

याच जातीचे आणखी शब्द ग्रामीण लेखनात भेटतील. रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतात. साप चावला तर ‘पान लागलं’. अशा ठिकाणी शहरी संपादक ‘पान लागलं’ची ‘सर्पदंश झाला’ अशी दुरुस्ती करतो आणि वाक्यातली भीतीच निघून जाते. सर्पदंश हा दवाखान्याच्या नोंदवहीतला शब्द आहे.

उलट बाजूही सांगते. ‘बोळवण’ हा गौरीच्या, लेकीच्या निरोपाचा शब्द, खणानारळाची ओटी भरून केलेला निरोप. तोच शब्द ‘शेतकऱ्यांची आश्वासनांवर बोळवण’ मध्ये कडू होतो. इथे शब्दाला दोन रंग नाहीत, दुसऱ्या वापराची धार पहिल्यामुळेच आहे: ओटी रिकामी ठेवून केलेली पाठवणी. म्हणून लेखात गौरीची बोळवण आली असेल तर त्याच पानावर बातमीतली बोळवण नको.

---

मुद्रितशोधक

पाचव्या वाक्याचं राहिलंच. काही शब्दांना दिशा असते. कौतुक वरून खाली वाहतं: आजी नातवाचं करते, शिक्षक विद्यार्थ्याचं, वाचक नव्या लेखकाचं. त्यात माया आहे आणि थोडं ‘एवढासा असून किती केलं’ हेही आहे. विद्यार्थी सरांचं कौतुक करू लागले की ते सरांपेक्षा मोठे होतात. तिथे ‘सरांबद्दल कृतज्ञता व्यक्त केली’, ‘सरांचा गौरव केला’. ‘स्तुती’ खालून वर जाते, पण माणसाच्या बाबतीत आता तिला स्वार्थाचा किंचित वास लागला आहे. देवाच्या बाबतीत नाही. ‘खुशामत’मध्ये तर तोच वास मुख्य. ‘पाठ थोपटली’ पूर्ण वरून खाली.

दिशा असलेले शब्द ओळखायची युक्ती: कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करा. ‘मंत्र्यांनी शाळेला भेट दिली’ उलटवून ‘शाळेने मंत्र्यांना भेट दिली’ केलं की अर्थच बदलला, आता भेटवस्तू दिली. ‘शिष्टमंडळाने मंत्र्यांची भेट घेतली’ उलटवलं तर विचित्र वाटतं: भेट ‘घेणारा’ चालत जातो. ‘समज दिली’, ‘ताकीद दिली’, ‘दटावलं’, ‘खडसावलं’ हेही वरून खाली. ‘गाऱ्हाणं’, ‘विनंती’, ‘साकडं’ खालून वर.

---

वऱ्हाडी ठेचा

कौतुकाबद्दल मी पूर्ण सहमत नाही. आता सहकारी सहकाऱ्याचं कौतुक करतो, कर्मचारी साहेबांच्या निर्णयाचं कौतुक करतात, आणि कुणाला वावगं वाटत नाही. वरून खाली ही दिशा सैल होत चालली आहे. ज्येष्ठ वाचकांच्या अंकात बदला, इतरत्र लाल खूण करू नका, एवढंच म्हणेन.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. वरच्या सगळ्या तपासण्या पुण्या-मुंबईच्या छापील मराठीवर चालवल्या तर बाकीच्या महाराष्ट्राचे शब्द विनाकारण ‘गावंढळ’ ठरतात. आमच्याकडे ‘पोट्टे’ म्हणजे मुलं, बस. त्यात उर्मटपणा नाही. ‘बुढा’ घरातल्या वडीलधाऱ्यालाही म्हणतात, अपमान नसतो. नागपूरच्या वर्तमानपत्रांत ‘मृतक’ सर्रास छापतात, पश्चिम महाराष्ट्रात ‘मृत’ किंवा ‘मृत व्यक्ती’. पुण्याचा संपादक ‘मृतक’ला हिंदी म्हणून खोडतो. मालवणीत ‘चेडू’ म्हणजे मुलगी आणि ‘अरे मेल्या’ ही प्रेमाची हाक. छापखाना यांनी मृत्यूच्या शब्दांचे जे दर्जे सांगितले त्यात ‘मेला’ तळाशी बसेल, पण सिंधुदुर्गात मित्राला हाक मारताना तो तळाशी नसतो.

म्हणून तपासणीची पाच वाक्यं लेखक ज्या भागातला आहे त्या भागातलीच हवीत. आणि संवादातला शब्द असेल तर तो शब्द पात्राचा, संपादकाचा नाही. निवेदनात मात्र लेखकाला विचारायला हवं: हा शब्द तुम्ही सगळ्या वाचकांसाठी ठेवताय, की नकळत आला?

---

छापखाना

मान्य. ‘मेल्या’ची आठवण चांगली केलीत. भागानुसार तपासायला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश बरा, कारण त्यात (व.), (गो.), (कों.) अशा खुणा देऊन शब्द कुठल्या भागातला हे सांगितलेलं असतं.

---

जोडाक्षर

कोशांचा प्रश्न वर आलाच होता, म्हणून लिहितो. दोन कोश शेजारी शेजारी उघडून बसा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे. अर्थ इंग्रजीत आहेत, पण शब्द कोणत्या बोलण्यात येतो याची निरीक्षणं फार बारीक आहेत. दाते-कर्वे यांचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळातले, त्यात अर्थापुढे उदाहरणं, लाक्षणिक अर्थाला (ल.) अशी खूण आणि चौकटी कंसात मूळ भाषा मिळते. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात आंतरजालावर मोफत शोधता येतात. आधी (ल.)पुढचा अर्थ वाचा. छटा बहुतेक वेळा तिथून सुरू झालेली असते.

मर्यादा एकच आणि ती मोठी आहे. या कोशांनंतर शब्द हलले. ‘पुढारी’ तेव्हा निखळ आदराचा होता. आज ‘गावातले पुढारी’ म्हटलं की आवाज बदलतो आणि आदरासाठी ‘नेते’ येतं. ‘राजकारण’ राज्यकारभाराचं होतं, आता ते कचेरीत आणि सासरीही चालतं. ‘मोलकरीण’ कोशात साधा शब्द आहे. आज घरोघर ‘ताई’ किंवा ‘मावशी’ म्हणतात, लेखी भाषेत ‘घरकामगार’ लिहितात, आणि राज्याच्या २००८ च्या कायद्याच्या नावात ‘घरेलू कामगार’ आहे. म्हणून कोशात जुना रंग पाहायचा आणि गेल्या पाच-दहा वर्षांतल्या छापील वाक्यांत आजचा. दोन्ही जुळले तर निर्धास्त वापरा. जुळले नाहीत तर आजचा धरा, लेख जुन्या काळाबद्दल असेल तेवढा अपवाद.

मूळ भाषेची खूण छटेसाठी उपयोगी असते, पण ‘संस्कृत म्हणजे सभ्य, देशी म्हणजे गावठी’ असा हिशेब करू नका. ‘इसम’, ‘गृहस्थ’, ‘व्यक्ती’, ‘माणूस’ घ्या. इसम अरबी आहे आणि पंचनाम्यात राहून राहून संशयित झाला आहे. ‘दारात एक इसम उभा होता’ वाचताच चोर आठवतो. ‘एक गृहस्थ उभे होते’ म्हणताच क्रियापदाला आदर लागला. ‘व्यक्ती’ने लिंग, वय सगळं पुसलं. ‘माणूस’ उबदार आहे. इथे संस्कृत-अरबी या भेदापेक्षा शब्द कोणत्या कचेरीत नोकरीला होता हे महत्त्वाचं.

मूळ भाषा खरी नडते ती समासात. शाळेत ‘पाणी’चे समानार्थी म्हणून जल, नीर, उदक, तोय, जीवन, पय असे पाठ केलेले असतात. त्यातले तोय, पय जुन्या काव्याबाहेर जवळजवळ भेटतच नाहीत, आणि ‘जीवन’चा हा अर्थ आजच्या गद्यात कुणी लावणार नाही. उरले ते आपापल्या जागी घट्ट बसलेले आहेत: जलवाहिनी, जलसंपदा, पण पाणीपट्टी, पाणीटंचाई, पाणीपुरवठा. ‘उदक’ पूजेत आणि ‘हक्कावर उदक सोडले’ या प्रयोगात. देवळात मिळतं ते ‘तीर्थ’. ‘महिला’ आणि ‘स्त्री’चंही तसंच: महिला आरक्षण, महिला मंडळ, पण स्त्रीशिक्षण, स्त्रीरोगतज्ज्ञ, स्त्रीभ्रूणहत्या. पुनरुक्ती टाळायला यांची अदलाबदल केली की सही करणाऱ्या अधिकाऱ्यालाही न सापडणारे शब्द तयार होतात.

आणि हिंदीकडून येणारी फसवणूक. यंत्राने केलेल्या अनुवादात ‘प्रयत्न’ऐवजी ‘चेष्टा’, ‘शिक्षण’ऐवजी ‘शिक्षा’, ‘दुरुस्ती’ऐवजी ‘संशोधन’ सापडतं. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, शिक्षा म्हणजे दंड, संशोधन म्हणजे नवा शोध. ‘घटनेत संशोधन केले’ हे वाक्य मराठी वाचक वेगळ्याच अर्थाने घेतो. इथे छटेचा प्रश्नच उरत नाही, शब्दच चुकीचा.

पुनरुक्तीबद्दल एक. शब्द दोनदा आला म्हणून बदलू नका. आधी तो दुसऱ्या वाक्यात लागतो का ते पाहा. मराठीत कर्ता सहज गाळता येतो, क्रियापद त्याचं लिंगवचन सांगतंच. ‘गुरुजी सकाळी सहाला उठतात. गुरुजी फिरून येतात’ यात दुसरे ‘गुरुजी’ काढून टाकले की झालं. तिथे ‘आचार्य’, ‘मास्तर’, ‘शिक्षक’ असे तीन वेगळे लोक आणायची गरज नाही. गाळता येत नसेल तर ‘ते’, ‘तो’, ‘हे’ वापरा. तेही जमत नसेल तर तोच शब्द पुन्हा लिहा. इतिहासाच्या लेखात तर हे फार जपा: १८५७ ला एका परिच्छेदात ‘बंड’, दुसऱ्यात ‘उठाव’, तिसऱ्यात ‘स्वातंत्र्यसमर’ लिहिणारा लेखक एकाच पानात तीन पक्ष बदलतो. बंड सत्तेच्या नजरेतून दिसतं, स्वातंत्र्यसमर लढणाऱ्याच्या. एक निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

---

वेलांटी

लेखकांना पाठवण्यासाठी दुरुस्त्या अशा केल्या आहेत. चूक असेल तर सांगा.

१. स्वयंपाकघरातून पुरणाचा घमघमाट सुटला होता.
२. पंच्याहत्तरीतही गुरुजी तितक्याच जिद्दीने रोज दोन तास शिकवतात.
३. घाटातल्या अपघातात चार जण ठार झाले. (लेखकाने कळवलं की चौघेही जागीच गेले.)
४. कीर्तनाला मोठी गर्दी झाली होती.
५. सत्कार समारंभात विद्यार्थ्यांनी सरांविषयी भरभरून कृतज्ञता व्यक्त केली.

‘दुकान वाढवतो’ तसंच ठेवलं, फळ्यांसह.

---

मुद्रितशोधक

दुसरं अजून पाहा. जिद्दीला समोर अडथळा लागतो: आजारपण, विरोध, हार. लेखात गुरुजींना तसा काही अडथळा असेल तर ‘जिद्दीने’ ठेवा. नुसतं रोज, न चुकता शिकवत असतील तर ‘नेमाने’. मग ‘तितक्याच’ही काढावं लागेल, कारण नेम कमी-जास्त होत नाही: ‘पंच्याहत्तरीतही गुरुजी नेमाने रोज दोन तास शिकवतात.’ आणि ‘नेमाने’ आल्यावर ‘रोज’ लागतो का, तेही एकदा मोठ्याने वाचून बघा.